नातलगांच्या घरी वाढणारे मूल आणि त्याचे औषधपाणी

मूल आजोळी वाढणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. आई-वडिलांपैकी एकाचे किंवा दोघांचेही निधन, घटस्फोट, वडिलांचे व्यसन, आईचे दीर्घ आजारपण, परदेशातील नोकरी, गावात चांगली शाळा नसणे अशा अनेक कारणांनी मुले आजी-आजोबा, काका, मामा, मावशी किंवा आत्या यांच्याकडे राहतात. ऊसतोडणीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कित्येक महिने घराबाहेर असतात, तेव्हा मागे राहिलेली मुलेही आजी-आजोबांच्याच आधाराने दिवस काढतात. करोनाच्या साथीने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अशा घरांत मोठी भर घातली.

मुलाबरोबर कपडे येतात, दप्तर येते. कागदपत्रे मात्र बहुधा मागेच राहतात. वर्ष-दोन वर्षे त्यावाचून काही अडत नाही. अडते ते एखाद्या रात्री. मुलाच्या पोटात कळा येतात, डॉक्टर अपेंडिक्सची शंका व्यक्त करतात, शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगतात आणि संमतीपत्र पुढे येते. "तुम्ही मुलाच्या कोण?" "आजी." "मग आई-वडिलांपैकी कोणाला तरी बोलवा ना, आजी." आई हयात नसते, वडिलांचा ठावठिकाणा नसतो आणि आजीच्या पिशवीत मुलाच्या जन्माचा दाखलाही नसतो.

अशा वेळी सांभाळ करणाऱ्या नातलगांना दोन प्रकारचे गैरसमज नडतात. आपल्याला कोणताच अधिकार नाही, असे समजून काही जण उपचारच लांबणीवर टाकतात; तर मूल आपणच वाढवले म्हणजे सर्व अधिकार आपलेच, असे समजून काही जण कागदपत्रांकडे पाहतही नाहीत. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे. रोजच्या औषधपाण्यात आणि जिवावरच्या प्रसंगात कायदा नातलगांच्या बाजूने बराच उभा राहतो. ठरवून करायची शस्त्रक्रिया, शासकीय योजनेचा लाभ आणि विमा या तीन ठिकाणी मात्र कागद लागतोच. तो कागद मूल धडधाकट असतानाच मिळवून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

सांभाळणारा आणि कायदेशीर पालक

कायद्याच्या दृष्टीने १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञान असते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि त्यांच्यानंतर आई. या 'नंतर' शब्दाचा अर्थ केवळ वडिलांच्या मृत्यूनंतर असा नसून, वडील अनुपस्थित किंवा मुलाविषयी उदासीन असतील तेव्हाही आईच पालक ठरते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात दिला. आजी, मामा किंवा काका यांचा या यादीत समावेश नाही. आईच्या मृत्यूनंतर मूल दहा वर्षे आजोळी वाढले, तरी वडील हयात असल्यास कागदोपत्री पालक तेच राहतात.

याचा अर्थ सांभाळ करणाऱ्याला कायद्यात स्थानच नाही, असा नव्हे. भारतीय दंड संहितेचे कलम ८९ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २७ हे बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. ही कृती पालकाच्या संमतीने झालेली असावी, असे हे कलम सांगते. पण तेवढ्यावर थांबत नाही. पालक 'किंवा मुलाची रीतसर जबाबदारी जिच्यावर आहे अशी अन्य व्यक्ती' असे तिचे शब्द आहेत. ज्या आजीच्या किंवा मामाच्या हवाली आई-वडिलांनी मूल केले आहे, त्यांची संमती या कलमाखाली निरर्थक ठरत नाही.

ताप, खोकला, जुलाब, दातदुखी, चष्म्याचा नंबर, लस, रक्ततपासणी अशा नित्याच्या गोष्टींत म्हणूनच सहसा अडचण येत नाही. मुलाला घेऊन येणाऱ्या प्रौढ नातलगाचे म्हणणे डॉक्टर ग्राह्य धरतात. बारा वर्षांवरील मुलाची साध्या तपासणीपुरती स्वतःची संमतीही वैद्यकीय व्यवहारात चालते. शस्त्रक्रियेचा प्रश्न आला की चित्र बदलते. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम शस्त्रक्रियेपूर्वी अज्ञान मुलाच्या आई-वडिलांची किंवा पालकाची लेखी संमती घेण्यास सांगतात. पुढे आई किंवा वडील येऊन 'आम्हाला न विचारता मुलाला कापले' अशी तक्रार करतील, ही रुग्णालयाची धास्ती अगदीच अनाठायी नसते.

जिवावरचा प्रसंग

अपघात, सर्पदंश, भाजणे, फुटण्याच्या बेतात आलेले अपेंडिक्स अशा प्रसंगी सहीसाठी उपचार थांबवणे कायद्याला अभिप्रेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरवर जीव वाचवण्याचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट केले. त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे १८६० च्या दंड संहितेत, एक बोलके उदाहरण दिलेले होते. अपघातात सापडलेल्या मुलावर तात्काळ शस्त्रक्रिया केली नाही, तर ते दगावण्याची शक्यता आहे; पालकाला विचारण्यास वेळ नाही; शल्यविशारदाने मुलाच्या विनवण्यांकडे दुर्लक्ष करून त्याच्या हितासाठी सद्भावनेने शस्त्रक्रिया केली, तर तो गुन्हा नाही. हीच तरतूद आता न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे.

अशा वेळी नातलगाने नाते लपवू नये किंवा 'मीच आई' असे खोटे लिहू नये. खोट्या नात्याने केलेली सही पुढे विमा, योजना आणि न्यायालय या तिन्ही ठिकाणी अडचणीची ठरते. संमतीपत्रावर स्वतःचे नाव, मुलाशी असलेले खरे नाते, मूल किती काळापासून आपल्याकडे आहे आणि आई-वडिलांशी संपर्क का होऊ शकत नाही, हे थोडक्यात लिहून सही करावी. आई-वडील हयात असतील तर दूरध्वनीवरून त्यांचे डॉक्टरांशी बोलणे करून द्यावे आणि त्या संभाषणाची वेळ केसपेपरवर नोंदवण्याची विनंती करावी. मोबाइलवरून आलेला लेखी संदेशही त्या वेळी उपयोगी पडतो. रुग्णवाहिकेसाठी राज्यात १०८ हा क्रमांक आहे.

ठरवून करायचे उपचार आणि अधिकारपत्र

टॉन्सिल, हर्निया, तिरळेपणा, दुभंगलेला ओठ, हृदयातील जन्मजात छिद्र यांसारख्या शस्त्रक्रिया ठरवून केल्या जातात. येथे 'तातडी' हे कारण उपलब्ध नसते, त्यामुळे रुग्णालय पालकाची सही मागणारच. आई-वडील हयात असून नोकरीसाठी किंवा अन्य कारणाने दूर असतील, तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यांनी दिलेले लेखी अधिकारपत्र.

या पत्रात मुलाचे पूर्ण नाव व जन्मतारीख, आई-वडिलांची नावे व पत्ते, ज्या नातलगाकडे मूल आहे त्याचे नाव, नाते व पत्ता असावा. तपासणी, रुग्णालयात दाखल करणे, भूल, शस्त्रक्रिया व रक्त देणे यांस संमती देण्याचा अधिकार दिल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. मुलाचे वैद्यकीय कागद मागण्याचा अधिकारही त्यातच लिहावा. पत्र केव्हापासून केव्हापर्यंत लागू आहे, हेही नमूद करावे. आई आणि वडील या दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का असल्यास रुग्णालयाचा विश्वास बसतो. असे पत्र नातलगाला कायदेशीर पालक बनवत नाही, ही मर्यादा ध्यानात ठेवावी. पालकांनी आपल्या इच्छेने मूल सोपवले आहे, याचा तो पुरावा असतो आणि व्यवहारात बहुतेक वेळा तेवढा पुरतो.

मुद्रांकावर लिहिलेल्या 'दत्तकपत्रा'ची गोष्ट वेगळी आहे. नातलगांनी आपापसांत कागद करून मूल दत्तक झाले, असे मानणे ही सर्रास होणारी चूक आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या अटी कडक आहेत. उदाहरणार्थ, स्वतःचा मुलगा हयात असलेल्या मामाला त्या कायद्याखाली भाच्याला दत्तक घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ मात्र काका, मामा, आत्या, मावशी व आजी-आजोबा यांना धर्म कोणताही असला तरी नात्यातील मूल दत्तक घेण्याचा मार्ग खुला करतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, अशा दत्तकाचा आदेश जिल्हा दंडाधिकारी देतात. दत्तक झाल्यावर आरोग्याच्या सर्व बाबतींत ते घरचेच अपत्य ठरते. परंतु केवळ उपचारांसाठी दत्तकापर्यंत जाण्याची गरज नसते.

न्यायालयाचा आदेश केव्हा घ्यावा

आई-वडील दोघेही नसतील, एकाचा पत्ता नसेल, एकाला तुरुंगवास झाला असेल, किंवा मुलाला दीर्घकाळ उपचार लागणार असतील, तर पालक म्हणून न्यायालयाकडून नेमणूक करून घेणे हिताचे असते. त्यासाठी पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना उपलब्ध असलेला कायदा आहे. मूल सर्वसाधारणपणे जेथे राहते, तेथील जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे, तेथे ते हे काम पाहते. मुलाचा कोणताही नातलग अर्ज करू शकतो. निकाल लागेपर्यंत मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा व संरक्षणाचा अंतरिम आदेश देण्याची तरतूद कलम १२ मध्ये आहे; शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर वकिलाने तो आवर्जून मागावा. कलम २४ नुसार नेमलेल्या पालकावर मुलाचा निर्वाह, आरोग्य आणि शिक्षण यांची जबाबदारी येते. रुग्णालयाला हवी असलेली स्पष्टता या आदेशातून मिळते.

न्यायालय निर्णय घेताना मुलाचे हित हाच मुख्य निकष मानते. २००८ मध्ये नील रतन कुंडू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असतानाही मुलाला आईच्या आई-वडिलांकडे ठेवले. २०२२ मध्ये करोनात आई-वडील गमावलेल्या गुजरातमधील एका मुलाचा ताबा त्याच न्यायालयाने मावशीऐवजी वडिलांकडील आजी-आजोबांना दिला. वय झाले, निवृत्ती झाली एवढ्यावरून आजी-आजोबा नाकारले जात नाहीत, हे या निकालावरून दिसते.

खर्चाच्या भीतीने अनेक जण न्यायालयाची पायरी चढत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि मुले उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेविषयक साहाय्यास पात्र आहेत. मुलाच्या वतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो; १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक आहे.

दुसरा मार्ग बालकल्याण समितीचा. आई-वडील नसलेले, त्यांनी टाकलेले किंवा त्यांच्याकडून छळ होत असलेले मूल या समितीपुढे आणता येते. समितीने आपल्या कामकाजात नातलगाला पालक म्हणून मान्यता दिली, तर बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येत तो पालक ठरतो. मुलाला संस्थेत पाठवतील या भीतीने नातलग समितीपासून दूर राहतात. वास्तविक कुटुंबात वाढणे हेच मुलाच्या हिताचे आणि संस्था हा शेवटचा उपाय, हे या कायद्याचे तत्त्वच आहे.

गंभीर आजारी असलेल्या आई किंवा वडिलांच्या हाती आणखी एक साधन असते. हिंदू कायद्यानुसार मृत्युपत्राद्वारे मुलासाठी पालक नेमता येतो. वडिलांनी अशी नेमणूक केली आणि आई हयात असली, तर पालकत्व आईकडेच राहते. आईच्या मृत्युपत्रात दुसरे नाव नसेल, तर तिच्यानंतर वडिलांनी नेमलेली व्यक्ती पालक होते. रुग्णशय्येवर हा विषय काढणे कोणालाही जड जाते. तो न काढल्यास त्याची किंमत मात्र मुलाला मोजावी लागते.

लसीकरण आणि जुन्या नोंदी

मूल घरी आले की पहिल्या आठवड्यातच त्याचे लसीकरणाचे कार्ड मागून घ्यावे. सरकारी दवाखान्यात राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी मोफत मिळतात आणि त्यासाठी पालकत्वाचा कागद लागत नाही. जन्मतः, सहा, दहा व चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने या टप्प्यांनंतरही पाच-सहा वर्षांनी, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी डोस असतात. घर बदललेल्या मुलांचे नेमके हे पुढचे डोस राहून जातात.

कार्ड हरवले असेल, तर जन्म झालेल्या रुग्णालयात, पूर्वीच्या गावातील अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद मिळू शकते. अलीकडच्या बाळांच्या नोंदी 'यू-विन' या संगणकीय प्रणालीवर आईच्या किंवा वडिलांच्या मोबाइल क्रमांकाने झालेल्या असू शकतात. तो क्रमांक विचारून ठेवावा. काहीच हाती लागले नाही, तर राहिलेल्या लसी वयानुसार कशा भरून काढायच्या, हे डॉक्टर ठरवतात. बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देता येते. कार्ड सापडेल म्हणून वाट पाहत बसू नये.

पूर्वीच्या उपचारांचे कागदही महत्त्वाचे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्यात, असे २००२ च्या विनियमांत म्हटले आहे. आई-वडिलांच्या अधिकारपत्राचा येथेही उपयोग होतो. कागद नसले तरी काही प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवता येतात. मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे? कधी झटका आला होता का? दमा आहे का? रक्तगट कोणता? घराण्यात थॅलेसेमिया किंवा, विशेषतः विदर्भ आणि नंदुरबारकडील कुटुंबांत, सिकलसेलचा आजार कोणाला आहे का? आई-वडील दोघेही गेलेले असतील, तर ही माहिती देणारी माणसे दोन्ही घराण्यांत शोधावी लागतात. नात्यांतील रुसवेफुगवे अशा वेळी बाजूला ठेवावेत.

अंगणवाडी आणि सरकारी वा महापालिकेची शाळा येथे आणखी एक सोय आपोआप मिळते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब आढळल्यास शस्त्रक्रियेपर्यंतचे उपचार मोफत केले जातात. तपासणीच्या दिवशी मूल शाळेत हजर राहील आणि मिळालेली चिठ्ठी दप्तरातच पडून राहणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.

खर्च कोण करणार

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या एकत्रित योजनेचा आधार आहे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली आणि संरक्षणाची मर्यादा प्रत्येक कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपये करण्यात आली. येथे नातलगांची अडचण होते ती शिधापत्रिकेवर. मूल राहते मामाकडे आणि नाव असते वडिलांच्या पत्रिकेवर, किंवा कोठेच नसते.

ते नाव जुन्या पत्रिकेतून कमी करून नव्या पत्रिकेत घालण्यासाठी मुंबईत शिधावाटप कार्यालयात आणि अन्यत्र तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा लागतो. हे काम मूल आजारी पडल्यावर होत नाही. म्हणून ते आधी करावे. दरम्यान गरज पडलीच, तर जुन्या पत्रिकेची प्रत मिळवून योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून नेमलेल्या व्यक्तीस भेटावे. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. आधार नाही या कारणाने मुलाला कोणत्याही योजनेचा लाभ नाकारू नये आणि अन्य कागदपत्रांवरून ओळख पटवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मधील आधार निकालात म्हटले आहे. तो दाखला देता येतो.

धर्मादाय रुग्णालयांचा पर्यायही विसरू नये. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार सप्टेंबर २००६ पासून या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवकाची खोली असते. मूल नातलगाकडे वाढत आहे, ही गोष्ट तेथे पहिल्याच दिवशी सांगितली, तर कागद आणि पैसा या दोन्हींची वाट लवकर सापडते.

खासगी विमा आणि नोकरीतील योजना यांत 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाचावी. बहुतेक कौटुंबिक पॉलिसींत पती-पत्नी, त्यांची औरस वा दत्तक अपत्ये आणि आई-वडील येतात. भाचा, पुतणी किंवा नातू येतोच असे नाही. तेथे मुलासाठी स्वतंत्र पॉलिसी मिळते का, हे कंपनीला लेखी विचारावे. राज्य कामगार विमा योजनेत २०१० च्या दुरुस्तीने एक दिलासा दिला: विमाधारक कामगार अविवाहित असेल, त्याचे आई-वडील हयात नसतील आणि अज्ञान भाऊ किंवा बहीण पूर्णपणे त्याच्या कमाईवर अवलंबून असेल, तर ते भावंड कुटुंबात धरले जाते. आई-वडिलांमागे भावंडांना वाढवणाऱ्या तरुण कामगारांना ही तरतूद ठाऊक असणे आवश्यक आहे.

दरमहा मदतीच्या दोन योजना आहेत. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २०२३ पासून मुलामागे महिना २,२५० रुपये देण्याचे ठरले. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रायोजकत्वाची रक्कम महिना ४,००० रुपये असून, आई-वडील गमावून नातलगांकडे राहणारी मुलेही तीत बसतात. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२ हजार आणि अन्यत्र ९६ हजार रुपये ठेवलेली आहे. मूल कोणत्या योजनेत बसते, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगतो. करोनात आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्राने १८ वर्षांपर्यंत ५ लाखांचा आरोग्य विमा २०२१ मध्ये जाहीर केला होता. ज्यांची नोंद तेव्हा झाली, त्या मुलांच्या नातलगांनी विम्याचे कार्ड हाताशी ठेवावे.

काही नाजूक प्रसंग

काही कायद्यांनी सांभाळ करणाऱ्याला स्पष्ट शब्दांत स्थान दिले आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या आजाराची झळ लागलेल्या कुटुंबाचा भार बारा वर्षांवरील समजूतदार मोठे भावंड वाहत असेल, तर धाकट्याच्या उपचारांसाठी तेच पालक म्हणून काम पाहू शकते. वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ मध्ये अज्ञान मुलीची 'पालक' म्हणजे तिची देखभाल करणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. आजी किंवा मावशी तीत बसू शकते. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या मुलाची तपासणी आई-वडिलांच्या किंवा मुलाचा जिच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीत करावी, असे २०१२ चा बालसंरक्षण कायदा, म्हणजेच 'पॉक्सो', सांगतो. अशा मुलावर तात्काळ मोफत उपचार करणे प्रत्येक रुग्णालयास बंधनकारक आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मात्र अज्ञान मुलाचा प्रतिनिधी म्हणून कायदेशीर पालकालाच प्रथम मान देतो; तो मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल, तर मंडळ दुसरी योग्य व्यक्ती नेमू शकते.

शरीराइतकेच मनाकडेही पाहावे लागते. घर सोडून आलेले मूल वारंवार पोटदुखीची तक्रार करते, अंथरूण ओले करते, जेवत नाही किंवा एकाएकी फार शहाण्यासारखे वागू लागते. यातले पुष्कळसे दुःख असते आणि ते 'नाटक' म्हणून झटकले जाते. काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना सर्व परिस्थिती सांगावी. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

घरात एक फाइल असावी

नातलगांकडे वाढणाऱ्या प्रत्येक मुलाची एक स्वतंत्र फाइल घरात असावी. तीत पुढील कागद असावेत:

– जन्माचा दाखला. जन्माची नोंदच झाली नसेल आणि एक वर्ष उलटले असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्या आदेशाने ती करून घेता येते.
– आई-वडिलांचे अधिकारपत्र; ते हयात नसल्यास मृत्यूचे दाखले.
– न्यायालयाचा किंवा बालकल्याण समितीचा आदेश झाला असल्यास त्याची प्रमाणित प्रत.
– मुलाचे नाव असलेली शिधापत्रिका आणि मुलाचे आधार. आधारमधील बोटांचे ठसे पाच व पंधरा वर्षांच्या वयात नव्याने द्यावे लागतात.
– लसीकरणाचे कार्ड, जुने केसपेपर, रक्तगट आणि ॲलर्जीची नोंद.
– शाळेचा दाखला किंवा ओळखपत्र, ज्यावर सध्याचा पत्ता आणि सांभाळणाऱ्याचे नाव आहे.
– दोन्ही घराण्यांतील प्रत्येकी एका जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक.

ही फाइल कोठे ठेवली आहे, हे घरातील दुसऱ्या एखाद्या प्रौढ माणसालाही ठाऊक असावे. सांभाळ करणारी आजी सत्तरीची असेल, तर आजारी पडण्याची पाळी मुलाआधी तिचीही येऊ शकते. आपल्यामागे मुलाला दवाखान्यात कोण नेणार, हे तिने वेळीच ठरवून ठेवावे आणि त्या माणसाचे नाव अधिकारपत्रात किंवा न्यायालयाकडील अर्जात घालून घ्यावे.

अशा बहुतेक कागदांना फार पैसा लागत नाही. लागतात त्या तहसील कार्यालयाच्या, नोटरीच्या आणि दवाखान्याच्या काही फेऱ्या. मूल खेळत-बागडत असते, तेव्हा त्या फेऱ्या नकोशा वाटतात. रात्री दोन वाजता संमतीपत्र पुढे येते, तेव्हा मात्र त्या फेऱ्या आधी झालेल्या असाव्या लागतात.